पत्त्यावरून ओळीपर्यंत: क्रॅशचा स्टॅक वाचताना

सी++ मधला एक प्रोग्रॅम सर्व्हरवर पडतो आणि लॉगच्या शेवटी एवढंच उरतं:

० : ५५५५५५५५५१६०
१ : ५५५५५५५५५१८९
२ : ५५५५५५५५५२३५

डावीकडे फ्रेमचा (स्टॅकवरच्या एकेका फंक्शन कॉलच्या नोंदीचा) क्रमांक, उजवीकडे मेमरीतला पत्ता. ० म्हणजे जिथे प्रोग्रॅम पडला ते फंक्शन, १ म्हणजे त्याला बोलावणारं. या पत्त्यांवरून फंक्शनचं नाव, सोर्स फाइल आणि ओळ काढायची, याला सिम्बॉलायझेशन म्हणतात. (या लेखातले सगळे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत आहेत आणि सुरुवातीचा शून्य-एक्स गाळला आहे. आज्ञा आणि फ्लॅग उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीतच टाकायचे. वाचायला सोपं जावं म्हणून एएसएलआर, म्हणजे प्रोग्रॅमला दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी बसवणारी सोय, बंद असतानाचे पत्ते घेतले आहेत.)

काम एका आज्ञेचं वाटतं आणि बऱ्याचदा असतंही. पण त्या आज्ञेला चुकीचा आकडा दिला किंवा चुकीच्या बिल्डची फाइल दिली, तरी ती कुरकुर करत नाही. निमूटपणे एक फंक्शन आणि एक ओळ छापते. ते फंक्शन तुमच्याच प्रोग्रॅममधलं असतं, त्यामुळे ते पटतंही. मग दोन दिवस त्या बिचाऱ्या फंक्शनमध्ये नसलेली चूक शोधण्यात जातात. उत्तर न मिळणं परवडतं, खोटं उत्तर परवडत नाही. म्हणून पत्त्याची ओळ कशी काढायची हे खाली आहेच, पण आलेली ओळ खरी आहे का हे पडताळायचं कसं, याला मी जास्त जागा दिली आहे.

आधी कुठे बसलाय ते बघा

लिनक्सवर हल्ली बहुतेक एक्झिक्युटेबल पीआयई पद्धतीचे बनतात, म्हणजे मेमरीत कुठेही बसू शकणारे. उबुंटूने १६.१० पासून आणि डेबियनने २०१७ मधल्या ९ व्या आवृत्तीपासून हेच डीफॉल्ट केलं. एएसएलआर चालू असलं की प्रोग्रॅम दर वेळी नव्या जागी बसतो. डीबग माहितीतले (कुठला पत्ता कुठल्या ओळीचा हे सांगणाऱ्या, कंपायलरने फाइलमध्ये ठेवलेल्या नोंदींतले) पत्ते मात्र फाइल शून्यापासून बसली आहे असं धरून लिहिलेले असतात. या दोन्हींतला फरक वजा केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

तो फरक कळतो प्रॉक फाइलसिस्टिममधल्या त्या प्रोसेसच्या ‘मॅप्स’ फाइलमधून. आपल्या प्रोग्रॅमचं नाव ‘हिशेब’ धरू. डिव्हाइस आणि आयनोडचे रकाने गाळले तर त्या फाइलमध्ये असं दिसतं:

५५५५५५५५४०००-५५५५५५५५५००० आर--पी ०००००००० हिशेब
५५५५५५५५५०००-५५५५५५५५६००० आर-एक्सपी ००००१००० हिशेब
५५५५५५५५६०००-५५५५५५५५७००० आर--पी ००००२००० हिशेब

फ्रेम १ चा पत्ता ५५५५५५५५५१८९. तो दुसऱ्या ओळीच्या हद्दीत येतो, आणि कोड चालवायची परवानगी असलेली तीच एक ओळ आहे, म्हणजे इथवर ठीक. वजा करायची ती मात्र पहिल्या ओळीची सुरुवात: ५५५५५५५५५१८९ उणे ५५५५५५५५४००० बरोबर ११८९. सर्वांत जास्त चूक इथेच होते. पत्ता ज्या ओळीत सापडला तिचीच सुरुवात वजा केली जाते आणि उत्तर येतं १८९. लहान प्रोग्रॅममध्ये १८९ वर कोडच नसतो, त्यामुळे प्रश्नचिन्हं छापली जातात आणि चूक लगेच कळते. मोठ्या प्रोग्रॅममध्ये तोच चुकलेला आकडा कोडच्या भलत्याच भागात जाऊन पडतो आणि एक खणखणीत खोटं नाव मिळतं.

फाइल जुन्या पद्धतीची, म्हणजे ठरलेल्या पत्त्यावरच बसणारी असेल, तर काहीही वजा करायचं नाही. ‘रीडएल्फ -एच’ ने फाइलचा हेडर बघा. प्रकार ‘डीवायएन’ असेल तर वजाबाकी करायची, ‘एक्झेक’ असेल तर नाही. अशा फाइलचे पत्ते एक्स८६-६४ वर साधारण ४००००० च्या पुढून सुरू होतात, त्यामुळे नुसत्या नजरेनेही ओळखू येतात. शेअर्ड लायब्ररी कायम ‘डीवायएन’च असते. प्रत्येक लायब्ररीचा पाया (ती मेमरीत जिथून बसली तो पत्ता) वेगळा, त्यामुळे प्रत्येक पत्ता कुठल्या फाइलच्या हद्दीत पडतो हे आधी ठरवायचं आणि त्या फाइलचा पाया त्यातून वजा करायचा.

वजाबाकीची आणखी एक रीत वापरात आहे: पत्ता उणे त्या ओळीची सुरुवात, अधिक त्या ओळीतला ऑफसेट. आपल्या उदाहरणात १८९ अधिक १००० म्हणजे ११८९, उत्तर तेच. पण या रीतीने मिळतो तो फाइलमधला ऑफसेट, आणि डीबग माहितीला हवा असतो व्हर्च्युअल पत्ता. जीएनयू लिंकरच्या (लिंकर म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून एक फाइल बनवणारं साधन) आजच्या मांडणीत कोडच्या भागापुरते हे दोन्ही आकडे सहसा जुळतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. एलएलडी लिंकर वापरला की ते वेगळे होतात. तिथे कोडचा भाग फाइलमध्ये ६४० वर आणि व्हर्च्युअल पत्ता १६४० वर, अशी मांडणी अगदी नेहमीची आहे. मॅप्समध्ये त्या ओळीचा ऑफसेट मग शून्य दिसतो आणि ५५५५५५५५५७०० या पत्त्याचं उत्तर या रीतीने ७०० येतं, खरं उत्तर १७०० असताना. ‘रीडएल्फ -एल’ मध्ये त्या लोड सेगमेंटचा ऑफसेट आणि व्हर्च्युअल पत्ता शेजारी शेजारी छापलेले असतात. दोन्हींतला फरक (इथे १०००) मिळवला की गाडी रुळावर येते. प्रोग्रॅमच्या आतूनच पाया हवा असेल तर ‘डीएल-इटरेट-पीएचडीआर’ हे फंक्शन तो थेट देतं, आणि मॅप्सची ही सगळी कसरत टळते.

परतीचा पत्ता आणि तो एक बाइट

स्टॅकवर साठवलेला पत्ता कॉल इन्स्ट्रक्शनचा नसतो. कॉल संपल्यावर जिथे परतायचं ती जागा असते, म्हणजे कॉलच्या पुढची इन्स्ट्रक्शन. एक्स८६-६४ वर साधा थेट कॉल ५ बाइटांचा: एक बाइट ऑपकोड आणि चार बाइट अंतर. आपल्या फ्रेम १ मध्ये कॉल ११८४ ते ११८८ या बाइटांत आहे आणि परतीचा पत्ता ११८९. आपल्याला हवी आहे कॉलची ओळ, आणि ११८९ देतं त्याच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनची ओळ.

सोर्समध्ये ५७ व्या ओळीवर ‘फॉर’ आहे आणि ५८ व्या ओळीवर त्याच्या आतला कॉल. ११८९ वर असते लूपचा काउंटर वाढवणारी इन्स्ट्रक्शन, आणि कंपायलर ती ५७ व्या ओळीच्या नावावर लिहितो. ११८८ विचारलं तर ५८ मिळतं, ११८९ विचारलं तर ५७. एका ओळीने काय बिघडतं असं वाटेल. पण कॉल फंक्शनच्या अगदी शेवटी असेल आणि ज्याला कॉल केलाय ते कधी परतणारच नसेल, उदाहरणार्थ ‘ॲबॉर्ट’, तर कंपायलर त्याच्या पुढे काहीच लिहीत नाही. परतीचा पत्ता मग थेट पुढच्या फंक्शनच्या हद्दीत जातो. नाव चुकतं, फाइलसुद्धा चुकू शकते. असर्शन फेल झालेल्या क्रॅशमध्ये हे हमखास दिसतं, कारण तिथे शेवटचा कॉल अशाच न परतणाऱ्या फंक्शनला असतो.

म्हणून परतीच्या पत्त्यातून एक वजा करून मगच विचारायचं. नेमकी कॉलची सुरुवात शोधायची गरज नाही. ओळींचं कोष्टक पट्ट्यांच्या हिशेबाने शोधलं जातं, त्यामुळे कॉलच्या आतला कुठलाही बाइट चालतो. आर्म६४ वर प्रत्येक इन्स्ट्रक्शन ४ बाइटांची असते, तिथेही एक वजा केलं तरी पुरतं.

फ्रेम ० ला मात्र हे लागू नाही. तिथला पत्ता प्रोसेसरच्या रजिस्टरमधून आलेला असतो आणि जिथे फॉल्ट झाला त्याच इन्स्ट्रक्शनचा असतो. त्यातून एक वजा केलं तर आधीची इन्स्ट्रक्शन मिळते. सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेसला दिलेली सूचना) आल्यामुळे मध्येच थांबलेल्या फ्रेमचंही तसंच, मग ती ट्रेसमध्ये, म्हणजे फ्रेमच्या यादीत, वरून तिसरी असो की पाचवी. स्वतः अनवाइंडर (स्टॅक उलगडणारं साधन) वापरत असाल तर लिबअनवाइंडमध्ये ‘ही सिग्नल फ्रेम आहे का’ असं विचारायची सोय आहे, आणि जीसीसीच्या ‘अनवाइंड-गेट-आयपी-इन्फो’ मध्ये नेमका याचसाठी एक झेंडा आहे. तो बघूनच वजाबाकी करा. शिवाय काही अहवालांमध्ये ही वजाबाकी आधीच झालेली असते. आपल्या साधनाचं वागणं एकदा छोट्या प्रोग्रॅमवर तपासून घेतलेलं बरं.

आर्मवर आणखी दोन बारकावे आहेत. ३२-बिट आर्मवर थंब (आखूड इन्स्ट्रक्शनांच्या) कोडच्या परतीच्या पत्त्यात शेवटचा बिट १ असतो, तो आधी पुसायचा. ६४-बिटवर पॉइंटर ऑथेंटिकेशन चालू असेल तर परतीच्या पत्त्याच्या वरच्या बिटांमध्ये सही भरलेली असते. ती काढल्याशिवाय पत्ता कुठल्याच मॅपमध्ये बसत नाही.

ॲडर-टू-लाइनला विचारताना

आता विचारायचे आकडे ठरले: फ्रेम ० साठी ११६० जसाच्या तसा, फ्रेम १ साठी ११८८, फ्रेम २ साठी १२३४. बिनयुटिल्समधल्या ॲडर-टू-लाइनला ‘-ई’ पुढे फाइल द्या आणि सोबत ‘-एफ’, कॅपिटल ‘-सी’, ‘-आय’ आणि ‘-पी’ लावा. ‘-एफ’ ने फंक्शनचं नाव येतं. कॅपिटल ‘-सी’ ने अंडरस्कोर-झेडने सुरू होणारी, मध्ये लांबीचे आकडे पेरलेली सी++ ची गुंडाळलेली नावं उलगडतात. ‘-पी’ ने सगळं एका ओळीत येतं. आणि ‘-आय’ ने इनलाइन झालेल्या फंक्शनांची साखळी कळते, जी ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये सर्वांत मोलाची आहे. उत्तर साधारण असं दिसेल (डावीकडे पत्ते हवे असतील तर ‘-ए’ ही लावा):

११६० : पार्स_अंक, वाचन.सीपीपी:१७
 (इनलाइन) पार्स_रो, वाचन.सीपीपी:४२
११८८ : फाइल_वाच, वाचन.सीपीपी:५८
१२३४ : मेन, हिशेब.सीपीपी:२१

पहिल्या पत्त्याला दोन ओळी आल्या. ‘पार्स_अंक’ हे फंक्शन कंपायलरने ‘पार्स_रो’ च्या पोटातच उतरवलं आहे. मशीनच्या लेखी तिथे एकच फंक्शन आहे, ‘पार्स_रो’. सोर्सच्या लेखी मात्र ४२ व्या ओळीवरून कॉल झाला आणि १७ व्या ओळीवर घोटाळा झाला. आधी सर्वांत आतलं फंक्शन छापलं जातं, शेवटी खरं. ‘-आय’ विसरलात तर फक्त १७ वी ओळ दिसते आणि तिथवर कुठून आलो ते कळत नाही. ‘पार्स_अंक’ दहा ठिकाणी इनलाइन झालं असेल तर ही माहिती गमावणं महागात पडतं.

प्रश्नचिन्हांचेही प्रकार आहेत. नाव आणि ओळ दोन्हीकडे प्रश्नचिन्हं आली तर आकडा चुकला आहे किंवा फाइल पूर्ण स्ट्रिप केलेली (नावं आणि डीबग माहिती काढून टाकलेली) आहे. नाव आलं पण ओळीच्या जागी प्रश्नचिन्ह असेल तर सिम्बॉल टेबल (नावांची यादी) आहे, ड्वार्फमधलं (डीबग माहितीच्या फॉरमॅटमधलं) ओळींचं कोष्टक नाही, म्हणजे ती फाइल डीबग माहिती घालायला सांगणाऱ्या ‘-जी’ शिवाय बनली आहे किंवा ती माहिती नंतर काढून टाकली आहे. फाइलचं नाव येऊन ओळ शून्य आली तर तो कोड कंपायलरने स्वतःहून घातलेला आहे, सोर्समध्ये त्याची अशी ओळ नाही.

‘-जी’ मुळे प्रोग्रॅम मंद होतो हा गैरसमज अजून ऐकू येतो. डीबगचे भाग मेमरीत लोडच होत नाहीत, फक्त डिस्कवरची फाइल फुगते. तीही नको असेल तर जीसीसीमध्ये ‘-जी१’ आणि क्लँगमध्ये फक्त ओळींचं कोष्टक ठेवणारा पर्याय आहे. व्हेरिएबल्सची माहिती जाते, पण स्टॅक वाचायला पुरेसं उरतं. रस्टमध्ये कार्गोचं रिलीज प्रोफाइल मुळात डीबग माहितीशिवायच येतं, तिथे हे मुद्दाम चालू करावं लागतं. गो मात्र पत्त्यांचं आणि ओळींचं कोष्टक बायनरीतच बाळगतं, स्ट्रिप केल्यावरही, म्हणून गोचे पॅनिक कायम ओळीसकट येतात.

शेकडो पत्ते असतील तर ॲडर-टू-लाइन शेकडो वेळा चालवू नका. दर वेळी ते डीबग माहिती पहिल्यापासून वाचतं, आणि मोठ्या बायनरीला त्यात काही सेकंद सहज जातात. एकदाच चालू करून सगळे पत्ते स्टँडर्ड इनपुटवरून द्या. एलएलव्हीएम-सिम्बॉलायझरही असाच चालू ठेवून वापरता येतो.

फाइल तीच आहे का?

खोट्या उत्तरांचं सर्वांत मोठं मूळ इथे आहे. सर्व्हरवर चालत होती मंगळवारची बिल्ड, तुमच्या मशीनवर आहे बुधवारची. एका फंक्शनमध्ये दोन ओळी वाढल्या आणि त्याच्या पुढचं सगळं काही बाइट सरकलं. ॲडर-टू-लाइन प्रत्येक पत्त्याचं उत्तर देईल आणि त्यातलं बरंचसं चूक असेल. आवृत्तीचा क्रमांक सारखा असणं किंवा गिटचा कमिट सारखा असणं पुरत नाही. कंपायलरची आवृत्ती बदलली तरी पत्ते हलतात. त्याच कमिटवरून नंतर ‘-जी’ लावून पुन्हा बिल्ड करायची सवय यासाठीच धोक्याची आहे.

यावर उपाय आहे बिल्ड-आयडी. लिंकर फाइलच्या मजकुरावरून एक ठसा काढून तो एल्फ (लिनक्सवरच्या एक्झिक्युटेबलचा फॉरमॅट) फाइलमध्ये एका नोटच्या रूपात ठेवतो. जीएनयू लिंकरचा नेहमीचा ठसा १६० बिटांचा, म्हणजे ४० हेक्स अंकांचा. ‘रीडएल्फ -एन’ ने तो दिसतो. स्ट्रिप केल्यावरही तो जसाच्या तसा राहतो, आणि वेगळ्या काढलेल्या डीबग फाइलमध्येही तोच असतो. दोन्हीकडचे ४० अंक जुळले तरच पुढे जायचं. कोअर फाइल (पडतानाच्या मेमरीची प्रत) हाती असेल तर एल्फयुटिल्समधलं ‘ईयू-अनस्ट्रिप -एन’ त्या क्षणी लोड असलेल्या प्रत्येक फाइलचा पाया आणि बिल्ड-आयडी एका झटक्यात काढून देतं.

रिलीज करतानाचा क्रम असा ठेवा. ‘-जी’ सकट एकदाच बिल्ड करा. ‘ऑब्जकॉपी’ ला फक्त डीबग ठेवायचा पर्याय देऊन डीबग फाइल वेगळी काढा. मग मूळ फाइल ‘स्ट्रिप -जी’ करून सर्व्हरवर पाठवा. डीबग फाइल बिल्ड-आयडीच्या नावाने साठवा: पहिले दोन अंक फोल्डरचं नाव, उरलेले ३८ फाइलचं. जीडीबी नेमक्या याच रचनेत शोधतं. एल्फयुटिल्सच्या २०१९ मधल्या ०.१७८ आवृत्तीपासून डीबगइन्फोडी आलं आहे. ते बिल्ड-आयडी सांगितला की डीबग फाइल एचटीटीपीवरून आणून देतं. फेडोरा, डेबियन, उबुंटू, आर्च या सगळ्यांचे असे सर्व्हर आहेत, त्यामुळे सिस्टिमच्या लायब्ररींसाठी पॅकेजं धुंडाळत बसावं लागत नाही. स्वतःच्या बिल्डसाठीही तो सर्व्हर चालवता येतो, आणि एकापेक्षा जास्त जण क्रॅश बघत असतील तर जरूर चालवावा.

ओळ आली, आता पडताळा

बिल्ड-आयडी लॉगमध्ये नाही, हाती फक्त पत्ते आणि एक ‘बहुधा हीच असावी’ अशी फाइल. अशा वेळी एक तपासणी आहे. माझ्या मते ती प्रत्येकाने हाताने एकदा तरी करून बघावी.

परतीच्या पत्त्याच्या लगेच आधी कॉल इन्स्ट्रक्शन असलीच पाहिजे. नसेल तर तो पत्ता परतीचा असूच शकत नाही. ‘ऑब्जडंप -डी’ ला सुरुवात आणि शेवटचा पत्ता देऊन फ्रेम १ च्या आजूबाजूचा तुकडा काढा:

११८४ : कॉल ११४९ (पार्स_रो)
११८९ : ॲड ...

कॉल ११८४ वर सुरू होतो आणि बरोबर ११८९ ला संपतो. पहिली खूण जुळली. दुसरी खूण: हा कॉल ज्याला आहे तेच फंक्शन ट्रेसमध्ये याच्या वरच्या फ्रेममध्ये असलं पाहिजे. कॉल आहे ११४९ ला, म्हणजे ‘पार्स_रो’ ला, आणि फ्रेम ० चा ११६० ‘पार्स_रो’ मध्येच पडतो. (कॉल ‘पार्स_अंक’ ला नाही, कारण ते इनलाइन झालं आहे. इथे तुलना मशीनच्या फंक्शनशी करायची.) आता फ्रेम २: १२३५ च्या आधी १२३० वर कॉल हवा आणि तो ‘फाइल_वाच’ ला हवा. अशा तीन-चार फ्रेम एकापाठोपाठ जुळल्या तर फाइल बरोबर आहे, पाया बरोबर आहे आणि स्टॅकही नीट उलगडला आहे. चुकीच्या फाइलमध्ये हे सगळं योगायोगाने जुळणं जवळपास अशक्य आहे.

व्हर्च्युअल फंक्शन किंवा फंक्शन पॉइंटरमधून केलेला कॉल कुणाला आहे हे डिसअसेम्ब्लीत दिसत नाही, आणि त्याची लांबीही ५ बाइटच असेल असं नाही. तरी तिथे कॉल असणं मात्र आवश्यक आहे. लायब्ररीतल्या फंक्शनला केलेला कॉल पीएलटीमार्फत (लायब्ररीतल्या फंक्शनकडे उडी मारणाऱ्या छोट्या कोडमार्फत) जातो, नावापुढे तशी खूण दिसते.

खुणा न जुळण्याची एक निर्दोष तऱ्हाही आहे. परतीच्या पत्त्याआधी कॉल आहे, पण तो ‘ब’ ला, आणि वरच्या फ्रेममध्ये आहे ‘क’. बहुतेक वेळा ‘ब’ ची शेवटची ओळ ‘क’ ला बोलावणारी होती आणि कंपायलरने कॉलच्या जागी नुसती उडी घातली. याला टेल कॉल म्हणतात. ‘ब’ ची फ्रेम स्टॅकवर उरतच नाही. ‘-ओ२’ वर हे सर्रास होतं. ट्रेसमध्ये मधली पायरी गायब दिसली की आधी हे आठवा. ‘-एफनो-ऑप्टिमाइझ-सिब्लिंग-कॉल्स’ लावून बिल्ड केली की ती पायरी परत येते.

उलट प्रकारही आहे, जिथे सगळ्या खुणा जुळतात आणि नाव तरीही खटकतं. लिंकरला एकसारखा मशीन कोड असलेली फंक्शनं एकत्र करायला सांगितलेलं असेल (गोल्ड आणि एलएलडीमध्ये आयसीएफचा पर्याय), तर दोन वेगळ्या क्लासमधली दोन छोटी फंक्शनं एकाच पत्त्यावर राहतात. पत्त्यावरून त्यातलं कुठलं हे कुणीच सांगू शकत नाही, साधन एक नाव निवडतं. अशा वेळी खालच्या फ्रेमवर विश्वास ठेवायचा.

काही साधनं जवळचं निर्यात झालेलं नाव आणि त्याच्यापासूनचं अंतर दाखवतात. स्टॅटिक फंक्शनं त्या यादीत नसतात, म्हणून आधीच्या एखाद्या फंक्शनचं नाव चिकटवलं जातं. अंतर हजारोंमध्ये असेल आणि फंक्शन वीस ओळींचं असेल, तर ते नाव खोटं समजा.

लिनक्स कर्नलने यावर सुंदर तोडगा काढला आहे. तिथे ट्रेसमध्ये पत्त्याऐवजी फंक्शन, त्यातलं अंतर आणि फंक्शनची पूर्ण लांबी असं तिन्ही छापलं जातं. आपलं उदाहरण त्या रूपात ‘पार्स_रो+१७/३०’ असं दिसेल. कर्नल कुठे बसला होता याची गरजच राहत नाही, आणि ती लांबी आपोआप पडताळणी करते. कर्नलच्या सोर्समधली ‘एफ-ॲडर-टू-लाइन’ ही स्क्रिप्ट आधी लांबी जुळते का बघते आणि नाही जुळली तर उत्तर देत नाही. पूर्ण लॉग एकदम उलगडायला शेजारीच ‘डिकोड-स्टॅकट्रेस’ आहे. तिला डीबग माहितीसकट बनवलेली व्हीएमलिनक्स फाइल द्यायची.

पडताना काय लिहून ठेवायचं

पडणाऱ्या प्रोसेसमध्ये नावं काढत बसू नका. मालॉकचं (मेमरी मागणाऱ्या फंक्शनचं) कुलूप धरलेलं असतानाच ती पडली असेल, हीप (अशी मागून घेतलेली मेमरी) विस्कटलेला असेल. ‘बॅकट्रेस-सिम्बॉल्स’ मालॉक वापरतं, त्यामुळे सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ते प्रोसेसला कायमचं अडकवून ठेवू शकतं. ‘बॅकट्रेस-सिम्बॉल्स-एफडी’ थेट फाइलमध्ये लिहितं, ते चालतं. ‘बॅकट्रेस’ स्वतः पहिल्यांदा बोलावल्यावर जीसीसीची लायब्ररी लोड करतं आणि त्यात मालॉक होऊ शकतं. म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा उगाच बोलावून ठेवायचं. स्टॅक ओव्हरफ्लोने पडला तर हँडलरला उभं राहायला जागाच नसते, त्यासाठी ‘सिग-ऑल्ट-स्टॅक’ ने वेगळा स्टॅक द्यावा लागतो. अल्पाइन लिनक्सवर मसल (छोटी सी लायब्ररी) असल्यामुळे ‘बॅकट्रेस’ मुळातच नाही, तिथे लिबअनवाइंडसारखं काही सोबत न्यावं लागतं.

हँडलरने लिहायचं ते एवढं: रजिस्टरमधला फॉल्टचा पत्ता, कच्चे परतीचे पत्ते, आणि मॅप्स फाइलची जशीच्या तशी पूर्ण प्रत. ओपन, रीड, राइट एवढ्यात हे होतं. बिल्ड-आयडी प्रोग्रॅम सुरू होतानाच लॉगमध्ये छापून ठेवा. मॅप्सची प्रत त्याच क्षणी घेणं महत्त्वाचं, कारण प्रोसेस गेली की पाया कळण्याचा तो एक मार्गही जातो. मॅप्समध्ये फाइलच्या नावापुढे ‘डिलीटेड’ दिसलं तर प्रोसेस चालू असताना कुणीतरी नवी आवृत्ती डिस्कवर टाकली आहे. तिथली फाइल उचलून तिच्यावर पत्ते शोधले तर सगळं चुकणार.

इतर ठिकाणी नावं बदलतात, हिशेब तोच. मॅकवर डीसिम बंडल (डीबग माहितीचं फोल्डर) आणि यूयूआयडी जुळवायचा, ‘एटॉस’ ला ‘-एल’ ने लोड पत्ता द्यायचा. तो आणि यूयूआयडी दोन्ही क्रॅश अहवालाच्या बायनरी इमेजेसच्या यादीत असतात. विंडोजवर पीडीबी (डीबग माहितीची) फाइल जीयूआयडी आणि एज या जोडीवरून ओळखली जाते. अँड्रॉइडच्या टूमस्टोनमध्ये (क्रॅश अहवालात) पाया आधीच वजा केलेला असतो आणि सहसा बिल्ड-आयडीही छापलेला असतो. तिथे ‘एनडीके-स्टॅक’ ला स्ट्रिप न केलेल्या एसओ फाइलींचं फोल्डर दाखवायचं, आणि पुन्हा वजाबाकी करायची नाही.

कधी पत्ता मॅप्समधल्या एखाद्या निनावी, चालवायची परवानगी असलेल्या ओळीत पडतो. तो जिट कंपायलरने चालू असताना बनवलेला कोड. जावा किंवा नोडसारखं काही प्रोसेसमध्ये असेल तर त्याला टेम्प फोल्डरमध्ये पर्फची (लिनक्सवरच्या प्रोफायलरची) मॅप फाइल लिहायला सांगता येतं. तिच्या प्रत्येक ओळीत सुरुवातीचा पत्ता, लांबी आणि नाव असतं, शोध हातानेही होतो. पत्ता कुठल्याच ओळीत पडत नसेल तर दोन शक्यता उरतात. एक, स्टॅक उलगडताना वाट चुकली, आणि त्या फ्रेमपासून पुढचं काहीही खरं मानायचं नाही. दुसरी, ज्या प्लगिनचा तो कोड होता ते ‘डीएलक्लोज’ ने आधीच उतरवलं गेलं आणि कुणीतरी त्याचा जुना फंक्शन पॉइंटर जपून ठेवला होता. ही शंका आली तर चाचणीच्या बिल्डमध्ये ‘डीएलक्लोज’ चा कॉल बंद करून पाहा. क्रॅश थांबला, किंवा त्याच जागी आता नाव दिसायला लागलं, तर चोर सापडला.